इरल्याच्या आत कोण?

आधीच सांगून ठेवतो. ‘शेवाळमहाल’ ह्या पिक्चरची हिरोईन मी हाय, आन मला त्यो पिक्चर कळलेला न्हाय. हसायचं काम न्हाय. पयल्या सीनपास्नं शेवटच्या सीनपतोर मी त्यात हाय. लाल शालू नेसून जिन्यानं वर जातो आन खालनं परत येतो. आरशात बघतो, तर आरशात माझी पाठ. कपाट उघडतो, तर आत माझा नवरा जेवत बसलेला. मी ह्यात जिती हाय का मेलेली, ते शूटिंगच्या वेळी मला ठाव न्हवतं, आज बी न्हाय. पण पिक्चर दिसतोय काय, बाबौ! डोळ्याची पापणी लवत न्हाय.

आन आणखी एक. माझी पुण्याची नणंद म्हणती, “वहिनी, बाईमाणसानं ‘जाते’ म्हणावं.” म्हटलं, आम्ही कोल्हापूरच्या बायका जातो बी आन येतो बी, तू तुझ्या घरचं बघ. तवापास्नं गप्प हाय.

तर मी सुष्मिता. शिवाजी पेठेत तालमीच्या बोळात माझं ब्युटी पार्लर हाय. भिंतीला भिंत लागून मौलाचाचाचं गादीचं दुकान. दिवसभर तिकडं कापूस पिंजायची मशीन घरघरती आन हिकडं माझा ड्रायर. चाचाची एकुलती पोरगी आफशीन. पिक्चरची डायरेक्टर ती. मला अक्का म्हणती. शाळेत असताना माझीच पावडर आन माझंच काजळ घेऊन माझ्याच आरशावर भुतं काढायची. मी पुसून पुसून दमायचो.

पोरगी औषधांचं शिकली, चांगल्या कंपनीत लागली, आन एक दिवस नोकरी सोडून घरात म्हणाली, मी पिक्चर काढणार, भुताचा. चाचा दाभणानं गादी टाचत बसलता. त्यांच्या घरात त्यांची हिंदी चालती, पण मी आपल्या बोलीतच सांगतो. चाचा म्हणाला, “आपल्या घराण्यानं लोकांना झोपवायचं काम केलं. तू लोकांची झोप उडवणार? आन पडलीस तोंडावर, तर ही पेठ तुला जगू द्यायची न्हाय.” ती म्हणाली, “मी काढणार.” झालं! त्या दिवसापास्नं बापानं तोंडाला कुलूप घातलं. दीड वरीस. एका घरात राहायचं, एका तव्यावरची भाकरी खायची, आन बोलायचं सगळं अमीरबीचाचीच्या मार्फत. “अमीर, तुझ्या लेकीला सांग, जेवून घे म्हणावं.” लेक हातभर अंतरावर बसलेली! तिचं नाव म्हणून तोंडातनं काढलं न्हाय. मला असला संताप यायचा, वाटायचं हेला त्याच्याच कापसाच्या पोत्यात घालून तोंड शिवावं.

पिक्चर काढला आम्ही चंदगडला, ऐन आषाढात. तिकडचा पाऊस म्हंजे वरनं पडत न्हाय, चारी बाजूनं येतोय. काजूच्या बागांच्या पलीकडं टेकावर एक पडका बंगला हाय. कुणा संस्थानिकाचा म्हणत्यात, कुणी म्हणतंय इंग्रजाचा. भिंतीला हात लावला की हात हिरवा. जिन्याला शेवाळ, खिडकीला शेवाळ, छताला वटवाघळं. आन धुकं असलं की भर दुपारी स्वतःचा पाय दिसत न्हाय. राखणदार म्हणून खालच्या वाडीतला आकाराम नावाचा म्हातारा. आफशीन त्यो बंगला बघून नाचायचीच बाकी राहिलती. म्हणाली, “अक्का, हितं काय सजवायचंच न्हाय. देवानंच सेट लावून ठेवलाय!”

कॅमेऱ्यावर आमच्याच बोळातला नौमान. एरवी लग्नाची शूटिंग करतोय. पयले दोन दिवस सवयीनं माझ्या मेंदीवरच कॅमेरा नेत हुता. आफशीननं हौदाच्या पाण्याखाली ताटं मांडली, समया मांडल्या, वरनं लाल रंग सोडला. पाचशे पणत्या लावून मला जिन्यावर उभी केली. मी विचारायचो, “आफशीन, मी आता कुठं चाललोय? कशाला चाललोय?” तर म्हणायची, “अक्का, समजून घेऊ नकोस. खिडकीतनं भाईर बघ. तिथं कोण तरी यायला पायजे आन कोणच आलेलं न्हाय, एवढंच डोळ्यात आण.” म्हटलं ठीक. मी माझ्या नवऱ्याची वाट बघतो तसं बघितलं. त्यो कवा वेळेवर आलाय?

फक्त एका सीनला मी अडून बसलो. शेवटचा सीन. बंगल्याच्या माडीवर भाईरच्या बाजूला वीतभर रुंदीचा कठडा, त्यावर हे शेवाळ, खाली दगडं. त्या कठड्यावर हिरोईन हात पसरून उभारणार. मी म्हटलं, “मला दोन पोरं हायत. मी काय उभारणार न्हाय, तुझा पिक्चर बुडला तरी चालंल.” आफशीन म्हणाली, “दे शालू हिकडं.” आन ती स्वतः उभारली. नौमान लांब उतारावर कॅमेरा लावून बसला. छत्री कॅमेऱ्यावर, त्यो स्वतः चिंब. मी बंगल्यात डोळे मिटून गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून बसलो. ती उतरून आत आली तवा मी तिला आधी मिठी मारली आन मग एक रट्टा दिला.

खरी गंमत पुढं. गावात येऊन ती कम्प्युटरवर पिक्चरचे रंग चढवाय बसली. अंधार जरा उजळला, धुकं जरा कापलं, आन एक दिवस पळत पार्लरात आली. माझ्या समोर खुर्चीत गिऱ्हाईक, तोंडाला फेसपॅक लावलेलं. आफशीनचा चेहरा त्या फेसपॅकपेक्षा पांढरा. “अक्का, चल. आत्ता चल.”

दुकानाच्या माडीवर तिच्या खोलीत जाऊन बघितलं. खिडकीतनं मी भाईर बघालोय. भाईर धुकं. आन धुक्यात, लांब झाडापाशी, एक उभारलंय. काळं, पाठीला हे एवढं कुबड, मान न्हाय, डोकं न्हाय. पुढचा सीन बघितला, मी दारात, तर ते विहिरीपाशी. त्याच्या पुढच्या सीनला आंब्याखाली. भाईरचा एक सीन सोडला न्हाय त्यानं! आन शेवटच्या सीनला तर, देवा देवा... कठड्यावर लाल शालूत आफशीन हात पसरून, आन तिच्या बरोब्बर खाली ते काळं कुबड, दोन्ही हात पसरून. मी असा किंचाळलो की खाली दुकानात चाचाची मशीन बंद झाली.

“कोण हाय हे?” मी विचारलं.

“मला काय ठाव? मी ठेवलंच न्हाय ते!”

नौमानला बोलावलं. त्यो म्हणाला, “झुडूप समजलो की मी. तेवढ्याशा स्क्रीनवर, त्या पावसात, काय दिसतंय?” माझ्या सासूबाईंनी बघितलं. माहेर तिकडचंच, त्या म्हणाल्या, “हे इरलं घेतलेलं दिसतंय.” इरलं म्हंजे बांबूच्या कामट्या आन पानं विणून केलेलं. तिकडं भातलावणीला माणसं डोक्यावरनं पाठीवर घेत्यात, हात मोकळे राहत्यात. आम्हाला जरा धीर आला. आफशीननं आकारामला फोन लावला. त्यो म्हणाला, “त्या बंगल्याकडं आमच्या वाडीतलं कोणच फिरकत न्हाय, ताई. कोणच न्हवतं तितं.” आन फोन ठेवला. मग काय, धीर गेला! इरलं हाय, पण इरल्याच्या आत कोण?

आफशीननं ते काढून टाकलं न्हाय. म्हणाली, “जे आलंय ते आपणहून आलंय, राहू दे.” पिक्चर मुंबईच्या एका फेस्टिवलात लागला आन तिथं नुसता दंगा. दिसायला असला पिक्चर मराठीत झाला न्हाय म्हणाले, आन डोक्यावरनं गेला म्हणून बी सगळेच म्हणाले. कुणी लिहिलं, ते कुबड म्हंजे मृत्यू. कुणी लिहिलं, ते तिच्या मनातलं पाप. एक बाई तर म्हणाली, ते म्हंजे समाज. लोक आफशीनला विचारायचे आन ती नुसती हसायची. काय सांगणार? तिलाच ठाव न्हाय. पोस्टरवर बी तेच चित्र, वर लाल, खाली काळं. एका मोठ्या डायरेक्टरनं तिला मुंबईला कामाला बोलावलं. सोमवारी जायचं ठरलं.

आन त्याच्या आदल्या रविवारी, सकाळच्या खेळाला, आमच्या तालमीनं थेटर घेतलं. पेठेच्या लेकीचा पिक्चर पेठेला दाखवायचा! हे सगळं हंबीरतात्याचं डोकं. हंबीरतात्या म्हंजे तालमीचा अध्यक्ष, एका काळी तालमीच्या फुटबॉल टीमचा राइट बॅक, गोलपुढं उजवी बाजू धरणारा. आता गुडघे गेल्यात, आवाज तेवढा हाय. त्यानं पेठेत भिंत दिसंल तिथं पोस्टर लावलं. एक लावलं बरोबर मौलाचाचाच्या दुकानासमोर.

दुसऱ्या दिवशी बघतो तर काय, चाचानं दोरी बांधून त्या पोस्टरपुढं डबलबेडची गादी वाळत घातलेली! दिवसभर ऊन फिरलं तरी गादी हलंना. माझं डोकंच सटकलं. लेकीचं पोस्टर झाकतोय हा माणूस! त्यात शनिवारी आफशीन माझ्याकडं येऊन बसली आन म्हणाली, “अक्का, अब्बांना एकदा पिक्चर बघू दे. मग शिव्या दिल्या तरी चालंल. न्हाय आले, तर मी सोमवारी जाईन ती जाईन. ह्या मुक्या घरात परत यायची माझ्यात ताकद न्हाय.” आन रडली न्हाय. रडली असती तर बरं झालं असतं.

मी तशीच कात्री हातात घेऊन चाचाच्या दुकानात गेलो. “चाचा, उद्या सकाळी खेळ हाय.”

“मला लग्नाच्या गाद्या द्यायच्यात.”

“गाद्या दुपारनं भरा.”

“दुपारी बी गाद्याच हायत.”

“आन ही भाईरची गादी कुठल्या लग्नाची? पोस्टर झाकाय घातलीयसा न्हवं? चाचा, तुमच्या छातीत काळीज हाय का सरकी?”

चाचानं मान वर केली न्हाय. दाभण तेवढं गादीत खुपसून ठेवलं. मग हळूच म्हणाला, “सुष्मिता, त्या पिक्चरात... सगळंच दिसतंय व्हय?”

“येऊन बघा की!” म्हणून मी ताडताड निघून आलो. अमीरबीचाची दारात हुती. म्हणाली, “नको बोलूस त्याला. गेल्या आषाढापास्नं त्याची तब्येतच ठीक न्हाय. कापूस बघाय बेळगावला म्हणून गेला आन ताप घेऊन आला, कापूस न्हाय का काय न्हाय.” मी म्हटलं, येऊ दे ताप. इतका राग माझ्या डोक्यात.

रविवारी थेटरभाईर हलगी! कडाडून वाजालीय. जणू पिक्चर न्हाय, फायनल हाय. पोरांच्या गळ्यात टीमचे मफलर. बायका नटून आल्यात, त्यातल्या निम्म्यांचा मेकअप माझ्या हातचा. आफशीन पयल्या रांगेत माझ्या शेजारी. तिच्या पलीकडं अमीरबीचाची. तिच्या पलीकडची खुर्ची रिकामी, त्यावर आफशीननं तिची ओढणी ठेवलेली. दार उघडलं की ती मान वळवून बघायची, आन दुसराच कोण तरी यायचा.

पिक्चर सुरू झाला. धुक्यातनं शेवाळमहाल भाईर आला आन सगळं थेटर “हाऽऽ” झालं. मी लाल शालूत आलो तवा असल्या शिट्ट्या पडल्या की माझ्या नवऱ्यानं मागं वळून बघितलं, कोण वाजवतंय म्हणून. मग हळूहळू सगळे गप्प. पाण्याखालची ताटं, पणत्यांचा जिना, आरशातली पाठ. मागनं एक म्हातारी म्हणाली, “काय चाललंय काय कळंना, पण बाई, नजर हलंना.” आन तेवढ्यात खिडकीत ते कुबड दिसलं. एक पोरगं वरडलं, “आला! आला!” मग काय, कॉर्नर किक मिळाल्यागत सगळं थेटर! प्रत्येक सीनला माणसं पुढं वाकून शोधालीत. “विहिरीपाशी बघ!” “आंब्याखाली, आंब्याखाली!” भ्या बी वाटालंय आन मजा बी यालीय. मी स्वतः खुर्चीवर उभारून वरडालतो, आन मी तर हिरोईन.

शेवटचा सीन आला. सगळे चिडीचूप. वर कठड्यावर लाल शालू. वाऱ्यानं पदर उडालाय. खाली ते कुबड येऊन उभारलं. पोस्टरवर ते नुसतं हात पसरून असतंय, पण पडद्यावर त्याच्या आधी ते हलतंय. त्यानं दोन्ही हातांनी मांड्यांवर चापट्या मारल्या. फाट, फाट. मग डावीकडं एक उडी मारली, बारकीशी. गुडघ्यात वाकलं. आन मग हात पसरले.

“थांबवा!” हंबीरतात्या वरडला. “पिक्चर थांबवा! परत लावा, परत लावा त्यो सीन!”

दिवे लागले. आफशीन दचकून उभी राहिली, तिला वाटलं काय तरी बिघडलं. परत सीन लावला. मांड्यांवर चापट्या, डावीकडं उडी, हात पसरले. आता मागच्या रांगेतली चार-पाच म्हातारी एकदमच उभी. हंबीरतात्यानं डोक्याचा फेटा काढून हातात घेतला आन असला बेंबीच्या देठापास्नं वरडला, “मौल्याऽऽ!”

“मौल्या! मौल्याच हाय की त्यो!” म्हातारी एकमेकांना मिठ्या माराय लागली. पोरांना काय कळंना. आफशीन माझा हात धरून विचारालीय, “अक्का, काय झालं? कोण मौल्या?”

हंबीरतात्या पुढं आला. त्याचे डोळे भरलेले. “पोरी, तुझा बा आमचा गोलकीपर हुता. ठाव हाय का तुला?”

“खेळायचे कवातरी, एवढंच ऐकलंय. घरात त्यो विषय काढायचा न्हाय.”

“असा कीपर परत झाला न्हाय. पेनल्टीला उभारला की आधी मांड्यांवर चापट्या. मग डावीकडं उडी. मग असे हात. सगळं मैदान त्याच्यासंगट चापट्या मारायचं. आगं हे इरलं घेऊ दे, घोंगडं घेऊ दे, न्हाय तर पोत्यात घाल त्याला. ती उडी कोण विसरंल?”

आफशीन पडद्याकडं बघत राहिली. पडद्यावर सीन तसाच थांबलेला. वर ती, खाली त्यो, हात पसरून. मला माझं सगळं बोलणं आठवलं, काळीज का सरकी म्हटलेलं, आन मी तोंडात पदर कोंबला. अमीरबीचाची कपाळावर हात मारून म्हणाली, “या अल्ला, बेळगाव!”

मग पिक्चर कुठला आन काय कुठलं. सगळं थेटर भाईर. पुढं हलगी, मागं म्हातारी, मध्ये आफशीन, तिला पोरांनी अक्षरशः उचलून आणली. भर सकाळी एवढी वरात बघून रस्त्यानं जाणारे पावणे विचाराय लागले, कोण जिंकलं? कुणी तरी सांगितलं, आम्हीच.

चाचा दुकानात कापसाच्या ढिगात बसलता. मिशीला कापूस, भुवयांना कापूस. एवढी माणसं बघून उभारला. “काय झालं? कोण गेलं का काय?”

“मौल्या, गेल्या आषाढात कुठं हुतास?” हंबीरतात्यानं विचारलं.

“बेळगावला. कापूस बघाय.”

“मग चंदगडच्या बंगल्यात इरलं घेऊन कोण उभारलं हुतं?”

“मला काय ठाव? आसंल कोण तरी.”

हंबीरतात्यानं भर रस्त्यात, त्या मोडक्या गुडघ्यांनी, मांड्यांवर चापट्या मारल्या. डावीकडं उडी मारली. हात पसरले. मागं सगळ्या म्हाताऱ्यांनी तसंच केलं. मौलाचाचाचा चेहरा बघाय पायजे हुता. दुधाचं भांडं उपडं करताना मांजर घावल्यावर जसं बघतंय, तसं.

“सांगितलं त्या आकारामनं?” चाचा म्हणाला. “शपथ घातलती त्याला.”

“आकारामनं न्हाय, चाचा,” मी म्हटलं, “तुम्हीच दिसलासा. सगळ्या पिक्चरभर! हिरोईनपेक्षा तुम्ही जास्त हायसा. लपाय गेलतासा, तर कॅमेऱ्याच्या पुढं कशाला?”

“पुढं कुठं?” चाचा चिडला. “तुमची सगळी माणसं त्या कॅमेऱ्याच्या मागं घोळका करून उभारायची. तिकडं गेलो असतो तर घावलो असतो. समोरच्या अंगाला कोणच नसायचं. म्हणून मी समोर जाऊन उभारायचो. तुम्ही कॅमेरा फिरवला, की मी परत जिकडं माणूस न्हाय तिकडं.”

नौमान डोकं धरून खालीच बसला. सगळी पेठ खदाखदा हसली. मुंबईत कुणी मृत्यू म्हटलं, कुणी पाप म्हटलं, आन हा आमचा गादीवाला नुसता लपून बसलेला! चाचा बी हसला असता, पण त्याची नजर आफशीनवर गेली आन त्यानं झटक्यात तोंड अमीरबीचाचीकडं फिरवलं.

“अमीर, तुझ्या लेकीला विचार, कठड्यावर शेवाळ हुतं, दिसलं न्हाय?”

चाची काय बोलायच्या आधी आफशीन म्हणाली, “दिसलं हुतं.”

“मग खाली दगडं हुती, ती न्हाय दिसली? पडली असतीस म्हंजे?”

हलगी थांबली. पडली असतीस! थेट तिला! दीड वर्सात पयल्यांदा. चाचाच्या ध्यानात बी आलं न्हाय. आफशीन पुढं आली. “धरलं असतंसा की, अब्बा.”

चाचानं हातातला कापूस खाली टाकला. कुणाकडंच न बघता म्हणाला, “डावीकडं पडली असतीस तर धरलं असतं. उजवीकडचं मला जमत न्हाय. सगळ्या पेठेला ठाव हाय.”

आता पोरांना ठाव न्हवतं, पण म्हाताऱ्यांच्या माना खाली गेल्या. शेवटच्या फायनलला पेनल्टी उजवीकडनं गेलती. चाचा डावीकडं उडाला. आन मग ही पेठ, हीच, त्याच्याशी बोलाय तयार न्हवती. लोक त्याच्याकडं गादी भराय देत न्हवते म्हणे. त्यानं बूट टांगले आन परत मैदानाचं तोंड बघितलं न्हाय. चाचा आफशीनला म्हणाला, “मी हरलो तवा कसं असतंय ते बघितलंय. तुला बी तसंच करतील म्हणून नको म्हणत हुतो. आन मग मीच तुझ्याशी तसं वागलो. त्यांच्यागतच.”

हंबीरतात्या लंगडत दुकानाची पायरी चढला आन चाचाच्या उजव्या हाताला जाऊन उभारला, खांद्याला खांदा लावून. “उजव्या अंगाला मी हाय, मर्दा,” म्हणाला. “लई उशीर झाला, पण हाय.”

आफशीन रडत हुती, हसत हुती, काय करत हुती तिलाच ठाव. पोरीचं नाक लाल झालेलं, काजळ गालावर उतरलेलं, मी केलेला मेकअप सगळा मातीत. आन त्यातनं एकदम डोळे बारीक करून तिनं त्या दोघांकडं बघितलं. कापसाचा ढीग, दारातनं आलेलं ऊन, हवेत उडणारा कापूस, आन मध्ये ही दोन म्हातारी. मी ओळखलं, आता ही काय म्हणणार ते.

“हलू नका,” ती वरडली. “दोघं बी असंच उभारा! नौमान, पळ, कॅमेरा आण!”

“कॅमेरा मसणात गेला,” चाचा तिच्यावर गरजला. “सकाळपास्नं पोटात काय हाय का? आफशीन, आधी जेवून घे.”